वाटेत टोपी काढायची नाही

गरुड सोडावा कसा, यावर शाइमुरात तासभर बोलू शकायचा. गरुड हा उसना आणलेला असतो. घरट्यातून पिल्लू उचलताना आपण डोंगराला शब्द देतो, आणि दहा हिवाळे शिकार झाली की तो शब्द पाळायचा. म्हणजे तिला जोडीदार मिळायला वेळ उरतो, अंडी होतात, पिल्लं होतात. आम्हा कझाकांत शिकारीला मादीच धरतात, म्हणून सगळी भाषा लेकीबाळीची. शेजारचा साबेत आपली मादी सोडायला टाळाटाळ करत होता, तेव्हा शाइमुरातनं त्याला भर लग्नात सुनावलं होतं, "लेकीला नांदायला न पाठवणारा बाप आणि तू, दोघांची लायकी एकच." साबेतनं दुसऱ्याच दिवशी गरुड सोडला. शब्द मात्र जपून ठेवले.

शाइमुरातनं स्वतः आधीचे दोन गरुड बिनबोभाट सोडले होते. तिसरी आक्तोस. छातीवर पांढरा पट्टा, म्हणून हे नाव. तिचा दहावा हिवाळा सरला तेव्हा तो म्हणाला, पाय दुखावलाय तिचा. पाय बरा झाल्यावर म्हणाला, यंदा थंडी फार आहे. थंडी तर आमच्याकडं दरसालच फार असते. अकरावा हिवाळाही सरत आला. आकाशात गरुडांच्या जोड्या घिरट्या घालायला लागल्या, आणि सांगायला कारण उरलं नाही. ह्या खेपेला जोडी जमली नाही तर ही आयुष्यभर घरच्या ओंडक्यावर बसून म्हातारी होणार, हे त्याला सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

गरुडाचे डोळे झाकणाऱ्या टोपीला आम्ही तोमागा म्हणतो. ती शिवायची त्याची बायको कुल्पाश. वासराचं चामडं ओलं करून, डोळ्यांच्या जागी बाहेर फुगवून, चोचीपाशी मोकळं ठेवून. चामडं बुबुळाला घासलं तर गरुड कायमचा बिथरतो, म्हणून ती बोट आत घालून शिवण तपासायची, दहादा. टोपी घातली की गरुडाची रात्र, काढली की उजाडलं आणि समोर शिकार आहे, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. टोपीत आक्तोस पिठाच्या पोत्यासारखी गप्प बसायची. एकदा पाहुण्यांना डोळे दाखवावेत म्हणून शाइमुरातनं जेवणाच्या वेळी टोपी काढली, तर तिनं मुल्लाची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी डोक्यावरून उचलून नेली. मुल्ला वाचला. पण अजूनही तो ह्या घरात जेवायला बसला की पाठ भिंतीला लावून बसतो.

सोडतानाही टोपीचंच काम. घरातून निघताना घालायची ती थेट पोचल्यावर, लांबच्या डोंगरात, दिवस मावळताना काढायची. समोर मेंढी कापून ठेवायची आणि मागं न बघता निघायचं. गरुड वाट डोळ्यांनी पाठ करतो. पाहिलीच नाही तर परत कुठून येणार?

शाइमुरात आक्तोसला उत्तरेची खिंड ओलांडून सोडून आला. घोड्याचं खोगीर उतरवतोय तर ही तबेल्याच्या छपरावर.

साबेत लगेच चहाला आला. "दादा, लेक माहेरी आली वाटतं."

"वारा उलटा होता," शाइमुरात म्हणाला.

"जावयानं छळलं असेल."

"चहा पी, साबेत."

दुसऱ्यांदा तो दोन दिवसांच्या वाटेवर, खाऱ्या तळ्यापलीकडं गेला. आणखी एक मेंढी गेली. ह्या वेळी तिला यायला वेळ लागला. आली ती उपाशी, पंखाचं एक पीस मोडलेलं. ओंडक्यावर बसली आणि टोपी घालायला मान पुढं केली. कुल्पाशनं टोपी घातली, मांस भरवलं, आणि नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. कुल्पाश बोलली नाही म्हणजे आभाळ भरून आलं असं समजायचं.

साबेत परत चहाला आलाच. थट्टा करायलाच आला होता, पण ते मोडकं पीस पाहून त्याची जीभ जरा जड झाली.

"पण दादा, एवढ्या लांबून घर सापडलं कसं हिला?"

शाइमुरात खुलला. आक्तोसचं कौतुक करायला त्याला कधीही चालायचं. "हुशार आहे रे ती. तळ्याच्या अलीकडं बर्फात कोल्ह्याची पावलं होती. दिसल्याबरोबर अशी मान वळवली, मलाच दाखवायला लागली."

कुल्पाश खारा चहा ओतत होती. "टोपीतून?" तिनं विचारलं.

साबेतनं वाडगा खाली ठेवला.

"वारा होता," शाइमुरात म्हणाला. "टोपी जरा सरकली."

"मी शिवलेली टोपी सरकत नाही."

"जरा काढली मग."

"कुठं?"

"खिंडीत."

"कुठल्या खिंडीत, म्हाताऱ्या?"

"सगळ्याच," शाइमुरात म्हणाला. "शेवटचं बघून घेऊ दे म्हटलं तिला."

गरुड सोडण्यावर सगळ्या खोऱ्याला अक्कल शिकवणारा माणूस खिंडीखिंडीत टोपी काढून तिला घराची वाट दाखवत गेला होता. साबेतला आयुष्यात अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. तो उठला आणि आपल्या घोड्याला पाणी दाखवायला बाहेर गेला. घोडा नुकताच पाणी पिऊन आला होता.

कुल्पाश म्हणाली, "पोराच्या गाडीमागंही तू असाच नदीपर्यंत घोडा पळवलास. रडत गेला तो अल्माटीपर्यंत. जाणाऱ्याला नीट जाऊ द्यायचं तुला जमतच नाही."

एर्केबुलान, त्यांचा एकुलता एक, ज्या उन्हाळ्यात अल्माटीला कामाला गेला, त्याच उन्हाळ्यात शाइमुरात कड्यावर चढून आक्तोसला घेऊन आला होता. ह्या दोन गोष्टींचा संबंध त्या घरात कुणी बोलून दाखवला नव्हता.

"पोराला तर सगळी वाट पाठ आहे," शाइमुरात म्हणाला. "तो कुठं आला?"

कुल्पाशनं त्याचा वाडगा पुन्हा भरला.

तिसऱ्यांदा ती बरोबर निघाली. टोपीला तिनं नवी वादी लावली होती. शाइमुरातच्या उजव्या हातावर आक्तोस, हात खोगिराच्या लाकडी आधारावर टेकलेला, आणि मागच्या घोड्यावर कुल्पाश, मेंढी आणि आठवड्याची भाकरी घेऊन. पहिल्या खिंडीत शाइमुरातचा डावा हात टोपीकडं गेला. मागून खोकला आला. दुसऱ्या खिंडीत हात हलायच्या आधीच खोकला आला.

"सर्दी झाली का तुला?" त्यानं विचारलं.

"होईल. तुझ्यावर आहे."

तिसऱ्या खिंडीपासून त्यानं डावा हात कोटाच्या आत घालून ठेवला. आक्तोस टोपीत मान झुकवून बसली होती. तिच्याशी बोलावं असं त्याला फार वाटत होतं, पण तेही त्यानं केलं नाही, कारण आवाजाचीही वाट होते. एवढा प्रवास असा गप्प बसून त्यानं जन्मात कधी केला नव्हता.

अनोळखी डोंगर होता. वर तीन गरुड फिरत होते, एक जोडी आणि एक एकटा नर. शाइमुरातनं मेंढी कापली, आक्तोसला खडकावर ठेवलं, पायातल्या वाद्या कापल्या. मग टोपी काढली. तिनं डोळे मिचकावले, आधी त्याच्याकडं पाहिलं, मग डोंगराकडं, मग परत त्याच्याकडं. त्याला वाटलं होतं काहीतरी बोलू. "जा," एवढंच तो म्हणाला, आणि घोड्यावर बसला.

दोघं निघाली. शाइमुरातची नजर घोड्याच्या कानांवर होती.

"म्हातारे," तो म्हणाला, "मला बघायचं नाही. तू बघ."

कुल्पाश खोगिरावर वळली. बराच वेळ तशीच राहिली.

"काय करतेय?"

"खातेय."

"माझ्याकडं बघत नाही ना?"

"तुझ्याकडं काय बघायचंय? खातेय म्हटलं ना. विसरलीसुद्धा."

तेवढ्यात मागून आवाज आला. बारीक, लांब, दोनदा. शाइमुरात तिला न घेता दाराबाहेर पडला की आक्तोस तो आवाज काढायची. मांस चोचीत असताना ती कधी ओरडत नाही, हे त्या घरातल्या दोघांनाही अकरा वर्षांपासून ठाऊक होतं.

कुल्पाश पुन्हा समोर वळली होती. तिनं नाक पुसलं.

"बरं झालं," शाइमुरात म्हणाला. "भूक लागली होती तिला." आणि त्यानं घोड्याला टाच मारली.