मीठ टिपणाऱ्या काकू

पायाखाली मीठ आलेलं काकूंना खपत नसे. आता मिशिगनमध्ये राहून असा हट्ट धरायचा म्हणजे कमालच! इथे बर्फाची नुसती चाहूल लागली तरी तो साचू नये म्हणून रस्त्यांवर ट्रक भरभरून मीठ टाकतात. ते बुटांना चिकटून गाडीत येतं आणि कार्पेटवर पांढरे डाग पाडतं. पण सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे काकू लहानपणीच ऐकून आल्या होत्या. "अख्ख्या गावाचं मीठ माझ्या एकटीच्या पापण्यांना कसं गं झेपणार?" असं म्हणत त्या हिवाळाभर आमच्या पार्किंगमधल्या गाड्या पुसून देत.

ॲन आर्बरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर एकट्या राहत, मी त्यांच्या डोक्यावर. कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन फवारायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि जुन्या टॉवेलने दाबून टिपायचं, ही त्यांची रीत. कोणी घासायला लागलं की ओरडत, "अगं, परकर धुतेस का? घासलंस की मीठ आत जातं. टिप!" मी नागपूरची. पहिल्या हिवाळ्यात अंगण धुवावं तसं माझ्या गाडीत बादलीभर पाणी ओतून मोकळी झाले. सकाळी कार्पेट कडक गोठलेलं! काकू हसता हसता तिथेच बर्फात बसल्या. नंतर चार दिवस स्वतःचा हेअर ड्रायर लावून त्यांनीच ते वाळवलं.

काका होते तोवर काकूंनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ते गेल्यावर, साठी उलटल्यावर त्या ड्रायव्हिंग शिकल्या आणि मग लायब्ररी, भाजी, देऊळ, सगळीकडे एकट्या जाऊ लागल्या. बर्फात गाडी कशी चालवायची हे मला त्यांनीच शिकवलं. टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहणारा त्यांचा मुलगा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आई, इकडे ये, आता ड्राइव्ह करू नकोस." त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "गाडी आहे तोवर मी माझी आहे."

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघी त्यांची गाडी साफ करत होतो. काकू गुडघ्यांवर बसून मन लावून टिपत होत्या. पण त्या टिपत होत्या ती जागा स्वच्छ होती. तळहाताएवढा पांढराशुभ्र डाग काळ्या कार्पेटवर तिथून वीतभर अंतरावर होता. "झालं बघ, लख्ख!" त्या म्हणाल्या. मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. त्या चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी घाईघाईने त्यांच्याच दुसऱ्या, कोरड्या टॉवेलने तो डाग टिपून टाकला आणि गप्प बसले. पुढचे चार दिवस त्यांची गाडी बाहेर पडली की माझा जीव थाऱ्यावर नसे.

पाचव्या दिवशी त्या वर आल्या. "त्या दिवशी चहा ठेवून आले, तर माझा कोरडा टॉवेल ओला झालेला. खरं सांग, डाग राहिला होता ना?"

"हो, काकू."

"केवढा?"

मी तळहात पुढे केला. मग मला राहवलं नाही. "काकू, प्लीज, तुम्ही आता ड्राइव्ह करू नका. कुणाला लागलं तर, तुम्हालाच काही झालं तर..." मला रडू फुटलं. त्या खाली गेल्या.

आठ दिवस त्यांनी दार उघडलं नाही. नवव्या दिवशी फोन आला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील?" दुखणं डोळ्याच्या पडद्याचं निघालं. ऑपरेशनने बरं होण्यासारखं नव्हतं, आणि गाडी त्या दिवसापासून बंद. गाडीशिवाय इथे एकटीने राहणं जमणार नव्हतं. परतताना त्या माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मला स्वतःचाच राग येत होता. एका डागापायी मी त्यांचं घर मोडलं, असं वाटत होतं.

एप्रिलमध्ये त्या कायमच्या लेकाकडे फ्रिस्कोला निघाल्या. विमानतळाच्या दारात मी त्यांना घट्ट मिठी मारली आणि म्हणाले, "काकू, माझ्यावर राग नाही ना?"

"होता की. आठ दिवस होता," त्या म्हणाल्या. "लेकाने शंभरदा सांगितलं, मी ऐकलं नाही. त्याला माझी काळजी होती, पण माझं काय जाणार हे त्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं, तरी सांगितलंस. म्हणून ऐकलं."