मायच्या अंगावरचं उसनं पांढरं पातळ

सकाळी सातला आमची व्हॅन अनुराधपुरात शिरली आणि झाडांच्या शेंड्यांवर रुवनवेलीचा पांढराशुभ्र स्तूप दिसला. माझ्या मायनं खिडकीतूनच हात जोडले. मग पिशवी चाचपून म्हणाली, "माहं पांढरं पातळ कुठी हाये व?"

"राह्यलं वाटते घरीच," मी म्हणाले.

साफ खोटं! अकोल्याहून निघताना मीच ते बॅगेतून काढून पलंगावर ठेवलं होतं. आमच्या गावच्या, हिवरखेडच्या विहारात माय आयुष्यभर वंदनेला पांढरंच नेसत आली. पण म्हटलं, पहिली परदेशवारी, श्रीलंकेतल्या फोटोंत जरा रंग दिसू दे. म्हणून तिला डाळिंबी सिल्क नेसवलं. नको तिथं शहाणपणा करायची माझी खोड जुनीच आहे.

रस्त्यानं लहानथोर सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं घेऊन चाललेले. माय त्यांच्याकडे बघायची, मग आपल्या पदराकडे.

"माताजी, कलर चलेगा. कोई कुछ नहीं बोलेगा," आमचा गाईड निमल म्हणाला. हिंदी तो पर्यटकांकडूनच शिकलेला.

"लोकाईचं नाही बापा, मले सोताले चालत नाही. तुमी जा बोधिवृक्षापाशी. मले भाईरूनच हात जोडू द्या."

ज्या झाडासाठी ती गुडघे चोळत इथवर आली, तेच बाहेरून बघणार! मला माझाच राग आला.

निमलनं वाद घातला नाही. बोधिवृक्ष त्यानं शेवटावर ढकलला आणि आधी स्तूप, मग इसुरुमुनियचं कातळात कोरलेलं विहार दाखवलं. दुपारी फरशी अशी तापली की अनवाणी मी उड्या मारत होते. माय मात्र आरामात चालत होती. अकोल्याचा मे महिना काढलेले पाय ते!

जेवण निमलच्या ओळखीच्या घरी होतं. तिथल्या जाडजूड, हसऱ्या बाईंना सगळे मल्लिका अक्का (थोरली बहीण) म्हणत. लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी आणि पोल संबोल (ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी). "चटणी जमली बरं," मायनं शेरा दिला.

निमल सिंहलीत अक्काशी काहीतरी बोलला. अक्कानं हात धुतले, आत गेली आणि इस्त्रीचं पांढरं पातळ घेऊन आली. माय "नाही नाही" म्हणत राहिली. अक्काला मराठी कुठं कळतंय! हाताला धरून आत घेऊन गेली.

माय बाहेर आली ती तिथल्या पद्धतीनं नेसून. कमरेला चुण्यांची झालर, आणि ब्लाऊज ढगळ म्हणून दोन्हीकडून पिना. "हे झालर कायले व?" म्हणत हसत होती आणि डोळे पुसत होती.

बोधिवृक्षाखाली तिनं कमळ वाहिलं, मांडी घातली, त्रिशरण-पंचशील सुरू केलं. शेजारच्या बायकांनी पालीतले तेच शब्द ऐकले आणि तिच्या सुरात सूर मिळवला. फोटो काढायचा मी विसरूनच गेले.

परत अक्काच्या घरी आलो, तर माय डाळिंबी साडी नेसून थेट नळावर.

"माताजी, लेट होगा!" निमल घड्याळ दाखवत म्हणाला.

"उसनं कापड धुतल्याबिगर वापस देतेत काय?"

अक्का खळखळून हसली. पातळाचं दुसरं टोक तिनं धरलं आणि दोघी म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या राहून पिळायला लागल्या. दोरीवर वाळत घालून झालं, तरी दोघींनी बराच वेळ एकमेकींचे हात सोडले नाहीत.

विमानातून उतरून अकोल्याच्या रेल्वेत बसलो. भुसावळ मागे पडल्यावर मला राहवेना. "माय, पातळ मीच काढलं होतं बॅगेतून."

"मालूम हाये मले. निंघतानी पलंगावर पाह्यलं न मी, वाटलं तू भरशीन. 'राह्यलं' म्हणली तवाच समजली."

"मंग बोलली काहून नाही?"

"किती हौसेनं नेऊन राह्यली होती तू मले!"

अक्काचे आणि निमलचे आभार मी तोंडभरून मानले होते. मायचे मानायचं सुचलंच नव्हतं. तिचा हात हातात घेतला, आणि अकोला येईपर्यंत सोडला नाही.