मिरानची रिकामी जाळी

मालसुनला कोरियातल्या जेजू बेटावरच्या आमच्या गावात सगळे दगडाच्या काळजाची म्हणायचे. म्हणणाऱ्यांत पहिली मी, खोटं कशाला बोलू!

आम्ही बायका श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी जातो आणि मनगटाला दोरीनं बांधलेल्या लोखंडी पट्टीनं खडकावरचे शिंपले उचकटतो. पोर पहिल्यांदा पाण्यात उतरली की थोरल्या बायका आपल्यातलं मूठभर तिच्या जाळीत टाकतात. रीतच आहे ती. मालसुनची लेक मिरान उतरली तेव्हा मीही दोन शंख काढले, तर मालसुननं माझा हातच धरला.

"तुझं तुझ्याकडे ठेव."

"अगं बाई, पोर रिकाम्या हातानं घरी जाईल!"

"जाऊ दे! माझ्या थोरल्या बहिणीची, बोखीची जाळी तुम्हीच भरायचात ना? तिला भरल्या जाळीची सवय लागली. पट्टी कपारीत अडकली तरी शिंपला सोडवेना तिला. तिचं प्रेत वर काढलं आपण."

मी शंख परत माझ्या जाळीत टाकले. बाकीच्या कुठल्या गप्प बसतात! तीन दिवस मिरानची जाळी रिकामी, आणि काठावरच्या शेकोटीपाशी टोमणे सुरू.

"मालसुन, आज काय, खारं पाणी उकळून पिणार का गं?"

"पिऊ. तुझ्या दारात वाडगा घेऊन येणार नाही!"

पोर मान खाली घालून हात शेकत होती. माझा जीव तुटत होता. मालसुनचा भयंकर राग येत होता मला.

चौथ्या दिवशी मिरान बुडी मारून गेली ती वर येईचना. मालसुनचं तोंड पांढरंफटक पडलं. ती खाली झेपावणार, इतक्यात श्वास सोडल्याची शीळ ऐकू आली. मिरान जाळी बांधलेल्या तरंग्याला लटकली होती. मनगट सोललेलं, पट्टी गायब.

"आई, केवढा शिंपला होता गं! पट्टी अडकली त्याच्याखाली. मग दोरीतून हात ओढला न् आले वर."

"नवी कोरी पट्टी घालवलीस?" कुणीतरी ओरडलं. "आणि जाळीत काय? काहीच नाही!"

मालसुन घळाघळा रडत होती, पण आवाज काय चढला बाईचा! तिनं ती रिकामी जाळी डोक्याच्या वर धरली.

"बघा गं, नीट बघा! माझी पोर स्वतःच्या अकलेनं जिवंत वर आलीय. आता हसा! हसा ना!"

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. बोखीच्या जाळीत सगळ्यांत जास्त शंख मीच टाकायचे.