भिंगऱ्यांची भिंत

शहर लहान, त्यामुळे त्यातल्या निम्म्याअधिक भिंती कवीच्या हाताखालून गेल्या होत्या. कवी म्हणजे रंगारी. हे नाव मेहुण्याने चेष्टेत ठेवलं आणि ते चिकटलं, कारण गडी खरंच कविता करायचा. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या फळीच्या झुल्यावर बसायचं, रंग मारता मारता ओळी जुळवायच्या आणि रात्री ताट वाढून होईपर्यंत बायकोला ऐकवायच्या. समोर दिसेल तो विषय. मीटरच्या पेटीत संसार थाटलेली खार. झाडूच्या काड्या पळवून वर झाडणारीवरच खेकसणारा कावळा. गेल्या साली पोस्टाच्या छज्ज्याखाली भिंगऱ्यांनी, त्या चपळ काळ्या पाखरांनी, मातीचं घरटं केलं, त्यावर तर लांबलचक कविता झाली. शेवटी पिल्लं उडतात. बायकोलाही आवडली होती.

कामात मात्र लाड नव्हते. खरवडायचं, पुट्टी, घासणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात न्यायची. मध्ये थांबलं की जोड दिसतो, मागाहून त्याच डब्यातला रंग लावला तरी ठिगळ लपत नाही. कवीच्या भिंतीवर बोट ठेवायला जागा नसायची.

आता उजवा खांदा कामातून गेला होता. वाचनालयाची दर्शनी भिंत शेवटची, मग उंचावर चढायचं नाही, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. नेमकं त्याच भिंतीवर, छज्ज्याखाली, भिंगऱ्यांचं घरटं निघालं. आत पिल्लं.

"भाऊजी, पाडा की. एक फटका," मेहुणा गच्चीवरून दोर धरून म्हणाला.

"तुझ्या घरावर मारू का फटका?"

"भाड्याचं आहे. खुशाल मारा."

कवीने घरट्याभोवती फळीएवढा पट्टा सोडला आणि बाकी भिंत केली. जवळ बसून रंग मारला असता तर मोठी पाखरं चारा घेऊन आलीच नसती. ग्रंथपालबाईंना त्याने सांगितलं, "पिल्लं उडाली की पट्टा करतो, मग वरून पुन्हा सगळ्या भिंतीला एक हात देतो. तुमच्या कार्यक्रमाआधी होऊन जाईल."

बाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर सोडते हं. नव्या दालनाचं उद्घाटन आहे. सगळं गाव दारात उभं राहणार."

पिल्लं उडाली. कवीने झुला बांधला, वर गेला, आणि घरट्यातून एक काळी शेपटी बाहेर आलेली दिसली. मादी पुन्हा अंड्यांवर बसली होती.

पोस्टाचं घरटं कवीने रोज पाहिलं होतं, पण पिल्लं उडाली त्या दिवशी त्याची कविता संपली आणि मग त्याने मान वर केली नाही. कविता संपली म्हणजे पाखरांचंही आटोपलं, असं धरून तो चालला होता. त्याच भरवशावर बाईंना शब्द दिला होता.

"काय झालं?" मेहुणा ओरडला.

"पुन्हा बसलीय."

"मग आता?"

खरवडायचा पत्रा हातातच होता. मादी हलली नाही. कवीनेच पत्रा खिशात घातला. "खाली सोड मला," तो म्हणाला.

बाई चिडल्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. "कार्यक्रमाला पट्टा तसाच राहणार? लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

"ठेवू द्या. माझाच अंदाज चुकला. नंतर अख्खी भिंत करून देतो."

"दुसऱ्या कोणाला बोलावलं तर?"

"तो घरटं पाडेल. बोलावू नका, एवढंच म्हणतो."

बाईंनी वर घरट्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्या पट्ट्याखाली तुम्ही स्वतः उभे राहा. विचारणाऱ्यांना तुम्हीच उत्तर द्या. मी देणार नाही."

तो उभा राहिला, इस्त्रीचा सदरा घालून. रंगाच्या दुकानदाराने सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय कवी, रंग संपला की दम?"

कवीने नुसतं वर बोट दाखवलं. दोघातिघांनी वर बघितलं. बाकीचे चहाकडे गेले.

ती पिल्लंही उडाली. या वेळी कवी रोज येऊन खाली उभा राहिला. घरटं रिकामंच आहे अशी पक्की खात्री झाली, तेव्हा झुला बांधला. बायकोने सकाळी डबा आपटून ठेवला.

कोपऱ्यापासून सुरुवात केली. निम्म्यात खांदा भरून आला, तेव्हा ब्रश डाव्या हातात घेतला. डावा हात हळू, आणि कड वाळायच्या आत पुढे सरकायला हवं. मेहुण्याने एकही टोमणा मारला नाही. कवी सांगेल तशी फळी सरकवत राहिला. घरट्यापाशी आल्यावर कवीने बारीक ब्रशने मातीच्या काठापर्यंत रंग नेला. ते पाडायचं त्याच्या मनात आलं नाही. चोचीचोचीने आणलेली माती, पक्की बसलेली. झालेलं काम होतं ते.

उन्हं उतरताना भिंत पुरी झाली. खाली उतरून त्याने ती एकदा बाजूने, एकदा समोरून पाहिली. जोड नव्हता.

रात्री त्याला घास उचलवेना. बायकोने भाताचा गोळा करून त्याच्या डाव्या हातात दिला.

"ऐकवणार आहेस काही?"

"सुचलं नाही. भिंतच बघत होतो."

"बरं झालं. जेव आणि झोप," ती म्हणाली आणि मलमाची डबी आणायला उठली.