राजवाड्यात मीनू बोलली

कावेरीच्या मुलखात तंजावूर नगर. तिथं एक म्हातारी, ती मी. एक नात, ती मीनू. अन् एक राजवाडा. मराठे राजे गेले, म्युझियम झालं. मला अक्षर येत नाही. लिहिणाऱ्याचे किस्से वहीत राहतात, माझे डोक्यात साचतात. वाड्यात पाय ठेवला की एक वाढलाच!

एका टूर कंपनीला मराठी बोलणारी गाइड हवी होती. "तीन ग्रुप फिरवून दाखव, मग कायम करू," म्हणाले. मीनूला इतिहास पाठ, पण तमिळमधून. मराठी समजते सगळी, तोंडातून निघत नाही. अन् घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. मग पहिल्या दोन ग्रुपांना ती माझ्या कानात तमिळ सांगायची, मी मोठ्यानं मराठी!

* * *

पहिल्या ग्रुपात एक जाडजूड काका. दरबाराच्या रंगीत खांबांपुढं उभे राहून ओरडले, "वा!"

वॉचमन धावत आला.

काका कमानीकडं बघत, "वा! वा!"

आता तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये', तेही धाकट्याला म्हणायचं. वॉचमन साठीचा! तरी बिचारा दोन पावलं पुढं सरकला.

काका, "वा वा वा!"

वॉचमन माझ्याकडं वळला. "आजी, नाकाला नाक लागलं. अजून किती जवळ येऊ?"

* * *

मग सगळे बाहेर चहाला. टपरीवाला मुरुगन आमच्या शेजारात वाढलेला, आपल्याला मराठी येते याची त्याला भारी ऐट. एका काकूंना विचारलं, "बाई, चहात पाल घालू?"

तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, हे मी सांगेपर्यंत काकू बसमध्ये!

मुरुगन मागून ओरडतोय, "ताजी पाल, बाई! आत्ताच तापवली!"

* * *

दुसऱ्या ग्रुपात एक प्रोफेसर. म्हणाले, "आजी, तुमची मराठी जरा जुनाट वाटते."

म्हटलं, "राजांबरोबर निघाली तेव्हा नवी कोरी होती. आम्ही जपून वापरली. तुमची कुणी बदलली?"

* * *

तिसऱ्या ग्रुपाला कंपनीची मॅडम स्वतः आली. "आजी, तुम्ही बाहेर बसा. आज मीनू एकटी."

दाराशी पायरीवर बसले. आत मीनू मुकी. मॅडम घड्याळ बघतेय. तेवढ्यात एका बाप्यानं राजाच्या पुतळ्यावर हात टेकला.

"काढ तो हात! शेणात घातला होतास की काय?"

मीनूच! अन् पोरीची गाडी सुटली. "माझं तोंड काय बघता? वर बघा, वर! असलं छत आहे का तुमच्या घरी? अन् ए, मागं काय कुजबुज चाललीय? राजा उभा आहे इथं अन् तू फोन चाटतेस?"

सगळी माझी वाक्यं! जन्मभर पोरीनं माझ्या तोंडची मराठी ऐकली ती रागावण्याचीच. दुसरी तिच्याकडं होतीच कुठं? संपलं म्हटलं.

तासाभरानं हसण्याचा लोट बाहेर आला. मागून मॅडम, डोळे पुसत. "माझी आजी गेल्यापासून मला असं कुणी झापलं नव्हतं हो! मीनू आजपासून आमची. कायम!" अन् तिनं कंपनीचं कार्ड मीनूच्या गळ्यात घातलं.

मी धावले. कार्ड हातात घेऊन बघणार, तोच मीनू म्हणाली,

"हात धुऊन ये आधी!"