चमकी लावलेला मुलगा

"साहेब, तुमची मुलगी फार देखणी आहे हो," मी म्हणालो, आणि इंग्रज साहेबांनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला.

"मुलगा आहे," ते म्हणाले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात इंग्लंडहून ग्राइंडिंग मशीन आलं आणि ते बसवायला हे पन्नाशीचे, अबोल साहेब तीन महिन्यांसाठी आले. मला इंग्रजी येतं असा कंपनीत एक गैरसमज होता, म्हणून लेथवरून उचलून मला त्यांच्या दिमतीला दिलं. त्यांच्या मुलाने टपालाने फोटो आणि आपल्या गाण्याची एक कॅसेट पाठवली होती. साहेबांनी उत्तर धाडलं नव्हतं.

फोटो मी पुन्हा मागून घेतला. निळ्या पापण्या, गालावर चमकी, चंदेरी विजार, वीतभर टाचांचे बूट आणि गळ्यात गिटार. मी तेलकट डांगरीत उभा होतो आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

मग चहाच्या सुट्टीत मी त्यांना खोदून खोदून विचारू लागलो. तिकडे एक गायक डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला आणि पोरं वेडी झाली, ते म्हणाले. गाणारे बरेचसे आपल्यासारख्या कामगारांच्याच घरचे. धुराची गावं, एकसारख्या घरांच्या रांगा, महायुद्धानंतरचं रेशन. ठेका त्यांनी जुन्या अमेरिकन रॉक अँड रोलचा उचलला. नटणं मात्र घरचंच, कारण तिथल्या विनोदी नाटकांत पुरुष पूर्वीपासून झगे घालत आले होते. एकजण तर आपण दुसऱ्या ताऱ्यावरून आलोय असं सोंग घेऊन गायचा, आणि लोक ते खरं मानायचे. मी हे पुराण ऐकावं तसं ऐकत होतो.

साहेबांच्या खोलीतल्या टेपवर कॅसेट मीच लावली. आधी टाळ्या, मग शेकडो पाय आपटल्यासारखा ठोका, पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस चालू झाल्यासारखा, आणि त्यावर जाडजूड गिटार. अंगावर काटा आला. कामगाराचं पोर इतकं झळाळू शकतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "वर्ष झालं, मी त्याच्याशी बोललो नाही," ते म्हणाले. "लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमची सुट्टी; कॅन्टीनमध्ये कामगार नाट्यस्पर्धेची रंगीत तालीम होती. मी त्यांना तिथे नेलं. आमच्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करायचे. फाउंड्रीत ओतकामाचे साचे भरणारा आमचा एक मोल्डर राणी झाला होता; मिशी उतरवलेली, नऊवारी, गालावर चमकी. राणीने मेलेल्या लेकराला मांडीवर घेतलं तेव्हा सुपरवायझरसुद्धा नाक पुसत होते.

पुढच्या बाकावर त्या मोल्डरचे वडील, आबा, बसले होते, तळवड्याहून सायकलवर आलेले. तालीम संपल्यावर साहेबांनी मला त्यांना विचारायला लावलं, मुलाला असं बघून लाज नाही वाटत का. मला विचारतानाच कानकोंडं झालं.

"लाज? न्हाई वो," आबा म्हणाले. "लुगडं नेसला की थेट माझ्या आईवानी दिसतोय. म्हातारी जाऊन वीस वर्सं झाली. म्हनून तर येतो मी बघाया."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी खिशातून फोटो काढून आबांपुढे धरला. आबांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. अजिबात हसले नाहीत.

"झाक दिसतोय की. ह्यो कुनावर गेलाय?"

मी ते साहेबांना सांगितलं, तसा त्यांनी फोटो आपल्याकडे वळवला.

"त्याच्या आईवर," ते म्हणाले. "ती नाही आता."

मी हे आबांना मराठीत सांगत होतो, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, पोस्ट किती वाजता बंद होतं.