वरून बघणाऱ्यासाठी तोफ

तोफ परत आली आणि पुठ्ठेमामांचं तोंड उतरलं. ट्रकचा मागचा फाळका खाली पडला, तर आत ती जशी पाठवली होती तशीच्या तशी. नळी जागेवर, चाकं जागेवर, रंगाला साधा ओरखडा नाही.

"काय झालं हिला?" मामांनी विचारलं.

"काहीच झालं नाही," चष्मेवाला कॅप्टन म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

पुठ्ठेमामा नाट्यगृहातले नेपथ्यवाले. पुठ्ठा, प्लायवूड, जुनी पोती आणि खळ एवढ्या सामानावर त्यांनी तीस वर्षं राजवाडे उभे केले, तुरुंग उभे केले, एकदा तर भर रंगमंचावर जहाज बुडवलं. तोंडात कायम चार-दोन खिळे धरलेले आणि बोलणं त्या खिळ्यांच्या फटीतून. नव्या नटाला ते कळायला अख्खा हंगाम जायचा. पुठ्ठेमामा हे नाव नटांनीच ठेवलेलं, आणि ते मामा म्हणून कपडेपट सांभाळणारी त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली. मामांचा सेट समोरून बघावा आणि गप्प बसावं. मागे गेलात तर उघड्या पट्ट्या, वाकडे ठोकलेले खिळे आणि कुठल्यातरी पडलेल्या नाटकाचा फलक उलटा लावलेला. कुणी टोकलं की मामा म्हणायचे, "मागून बघणाऱ्याने तिकीट काढलेलं नसतं."

युद्ध सुरू झालं, नाट्यगृहाला कुलूप लागलं, आणि थोड्याच दिवसांत हा कॅप्टन सुतारशाळेच्या दारात उभा राहिला. वयाने मामांच्या लेकीएवढा. उगाच घसा खाकरणारा.

"मामा, खोटी तोफ करता येईल?"

"खोटी म्हणजे किती खोटी? वाजली पाहिजे का?"

"नाही. फुटली पाहिजे."

मामांनी मोजपट्टी खाली ठेवली. कॅप्टनला बसायला रिकामं सिंहासन दिलं, तेवढंच जवळ होतं. त्यावर अवघडून बसत त्याने सगळं समजावलं. खरी तोफ कारखान्यातून बाहेर पडायला दीड वर्ष लागतं. शेकडो माणसं त्यावर राबतात. आणि तिला उडवायला येतो तो एक ड्रोन, जुन्या स्कूटरच्या पैशात मिळणारा, कुठल्यातरी गॅरेजात चार जणांनी जोडलेला.

"पूर्वी त्यांचं विमान यायचं, भुर्रकन वरून जायचं. दिसलं ते दिसलं. विमान महाग, वैमानिक महाग, थांबतंय कोण? आता ड्रोन येतो आणि बॅटरी संपेपर्यंत डोक्यावर बसून राहतो. तो गेला की दुसरा. एखादा पडला तर पडला."

"म्हणजे प्रेक्षक आता उठून जात नाही."

"उठत नाही, आणि वरून बघतो. अजून एक. तुमची तोफ त्यांच्या ड्रोनपेक्षा स्वस्त पडली पाहिजे. नाहीतर फुटली तरी तोटा आमचाच."

मामा पहिल्यांदा हसले. "स्वस्तात हवी ना? मग बरोबर दारी आलात. आमच्या मॅनेजरने मला आयुष्यभर दुसरं काही शिकवलंच नाही."

तर ती पहिली तोफ. मन लावून केलेली, आणि अशी न फुटता परत आलेली.

कॅप्टनने टॅबलेट काढला. सैन्याच्याच ड्रोनने वरून घेतलेले दोन फोटो, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. मामांनी पहिला बघितला, मान डोलावली. दुसरा बघितला आणि तोंडातले खिळे हातात काढले. असं फार क्वचित व्हायचं.

संध्याकाळच्या फोटोत तोफेला दोन सावल्या होत्या. एक उन्हाची, उजवीकडे लांब गेलेली. दुसरी डावीकडे, नळीच्या खाली, सकाळपासून जिथे होती तिथेच.

"ही मी रंगवली," मामा म्हणाले. "वस्तू उठून दिसावी म्हणून खाली करडी छटा मारतो आम्ही. हात आपोआप गेला हो."

"दिवसभरात सूर्य फिरतो, मामा."

"आमचा सूर्य आम्हीच लावतो, साहेब. तो नाही फिरत."

कॅप्टनला हसू आलं नाही. म्हणाला, दोन ड्रोन दिवसभर हिच्यावर घिरट्या घालत होते. मग हिला सोडून पुढे गेले. पुढे झाडीत खरी तोफ होती. तिच्यावरच्या एकाचा हात गेला.

मामा टर्पेंटाइनचा डबा आणि चिंधी घेऊन ट्रकवर चढले आणि ती सावली पुसून टाकली.

"आता माणसांचं," कॅप्टन खालून म्हणाला. "तोफेपाशी माणूस नाही म्हणजे तोफ खोटी, हे त्यांना पाठ झालंय. म्हणून आमची एक तुकडी तिच्याभोवती वावरते. चूल पेटवते, कपडे वाळत घालते, उगाच इकडून तिकडे करते. वर घरघर ऐकू आली की पळत खंदकात."

शिलाई मशीनचा आवाज थांबला. "आणि खंदकात पोचायच्या आत तो आला तर?" मामींनी आतून विचारलं.

"पोचतात, मामी." कॅप्टनने घसा खाकरला. "बहुतेक वेळा."

दुसऱ्या दिवशी लेक रजेवर आली. सैन्यात जाऊन तिला वर्ष होत आलं होतं. भांडारात आहे, चादरी मोजते, बसून बसून कंटाळा येतो, असं ती घरी फोनवर सांगायची. आई-बाबांना भेटायला ती थेट सुतारशाळेतच आली, पाठीवरची पिशवी तोफेच्या चाकाला टेकवली आणि नळीवर थाप मारली.

"आली का ही बया परत? बाबा, हिचं उजवं चाक बघा हं. चढावर घसरतं. ढकलता ढकलता कंबरडं मोडतं."

मामी दारात आल्या, बोटात अंगुस्तान तसंच.

"चादरी मोजणारणीला चाकाचं कसं गं कळलं?"

लेकीने जीभ चावली. मग पिशवी उघडून उगाच आत काहीतरी शोधायला लागली. "आई, ऐक ना..."

"ऐकतेच आहे. वर्षभर ऐकतेच आहे."

दुपारी लेक कपडेपटातल्या मखमली पडद्यांवर आडवी झाली आणि बुटांसकट झोपली. मामांनी करड्या रंगाचा डबा उघडला. ब्रश बुडवला, निथळला, आणि त्याच तोफेच्या नळीखाली पुसलेली सावली हळूहळू पुन्हा रंगवायला घेतली. मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मामांना वाटलं, आता बोलणार.

"जरा अजून काळी मारा," मामी हळूच म्हणाल्या. "लांबून दिसली पाहिजे."

नवराबायको एकमेकांकडे न बघता काम करत होते. रंगकाम अर्ध्यावर आलं तेव्हा मागून आवाज आला.

"बाबा, हे काय चाललंय?"

"छटा मारतोय."

"कुणासाठी?"

"तू झोप जा."

"आई, तूसुद्धा?" लेक पुढे आली. "मागच्या वेळी ते हिला सोडून पुढे गेले. पुढे कोण होतं, सांगितलं कॅप्टननी? आमचा जाड्या. रोज संध्याकाळी आमच्या खंदकात यायचा आणि तेच तेच विनोद सांगायचा, शेवट आधीच सांगून टाकायचा. आता डाव्या हाताने जेवायला शिकतोय."

"मला त्याचं वाईट वाटतंच, बाळा."

"वाईट वाटून घेऊ नका. सावली पुसा."

"आणि मग सगळे तुझ्याच डोक्यावर येऊ देत?"

"मी तिथे उभी राहते ती तोफ खरी वाटावी म्हणून. तुम्ही ती खोटी करून दिलीत तर मी नुसतीच उभी राहीन, बाबा. कारण नसताना."

"मग राहू नकोस ना उभी!" मामांचा आवाज आढ्यापर्यंत गेला. टांगलेले जुने मुकुट जणू थरथरले.

"मग कोण राहील?"

मामांच्या ब्रशवरून रंग ठिपकत राहिला. मामी मात्र कपडेपटात गेल्या आणि लाकडी धड ओढत घेऊन आल्या, ज्यावर त्या नटांचे कोट चढवून बघायच्या. त्यावर त्यांनी लेकीचा लष्करी कोट चढवला, कॉलर सारखी केली.

"तीस वर्षं कपडे शिवते आहे," त्या म्हणाल्या. "आत माणूस असलाच पाहिजे असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मग त्या तिघांनी जे काम काढलं त्याला सरकारी भाषेत काय म्हणतात कोण जाणे. घरात त्याला बाहुल्यांचं काम म्हणायचे. चार बाहुले. गुडघ्याला बिजागरी, खांद्याला बिजागरी. पातळ दोऱ्या जमिनीलगत, पडदा ओढायच्या कप्प्यांतून ओवलेल्या, दूर खंदकात बसून ओढायच्या. एक बाहुला तारेवरून इकडून तिकडे चालायचा, एक चुलीपाशी वाकायचा, एक वाळत घातलेल्या कपड्यांपाशी हात वर करायचा, आणि एक नुसताच बसलेला. मामांचा आग्रह होता की प्रत्येक नाटकात एक माणूस नुसता बसलेला लागतोच.

लेक दिग्दर्शकाच्या ऐटीत सिंहासनावर बसून चुका काढत होती.

"आई, सैनिक इतका ताठ नसतो गं. थकलेला असतो."

मामा मानेचा स्क्रू सैल करायचे.

"आता जास्त झाला. हा तर दारू प्यायलेला वाटतोय."

"एखादा असतोच की," मामी म्हणाल्या. "तुझ्या काकाला आणून उभा करू का?"

रात्रीचा प्रश्न होताच. रात्री उष्णता टिपणारे कॅमेरे येतात, त्यांच्यापुढे कापूस आणि भुसा काय करणार? लेक म्हणाली, रात्री तोफ जाळीखाली झाकलेली असते, तेव्हा कुणी बाहेर फिरत नाही. दिवसाचं बघा. दिवस फार लांब असतो.

रजा संपायच्या दिवशी सकाळी कॅप्टन सैन्यातलाच एक ड्रोन घेऊन आला. नाट्यगृहामागच्या मोकळ्या जागेत तोफ मांडली होती, वर अर्धीमुर्धी जाळी, चुलीत धूर. मामींना ड्रोनचा आवाज ऐकायचा नव्हता, त्या आतच थांबल्या. कॅप्टनने टॅबलेट मामांच्या हातात दिला.

मामांनी आपलं काम असं वरून कधीच बघितलं नव्हतं. कोवळ्या उन्हात तोफेची एकच सावली पडली होती आणि ती खरी होती. दोरीवरचे कपडे हलत होते. कुणी चुलीपाशी वाकलं होतं, कुणी चालत होतं. हे सगळं आपण पोत्यांतून आणि चिंध्यांतून काढलंय हे त्यांना माहीत होतं, तरी क्षणभर वाटलं, कोण ही माणसं, कुठली?

"यातली तुमची लेक कुठली, ओळखा," कॅप्टन म्हणाला.

"ती आहे होय यात?"

"ओळखा तर."

मामा पडद्यावर वाकले. चालणाऱ्याचा डावा खांदा जरा खाली झुकलेला होता. शाळेचं दप्तर पाठीवर आलं तेव्हापासून लेक तशीच चालायची. बाप ते विसरेल?

"ही," मामा म्हणाले आणि त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं.

बोट टेकलं तिथे लाल चौकट उमटली. चौकटीतली आकृती मोठी होऊ लागली. वर ड्रोनचा आवाज बदलला, बारीक, चिरका झाला.

"साहेब, हे काय होतंय?"

"नव्या ड्रोनला एवढंच पुरतं. एकदा बोट लावलं की तो आपला आपण जातो. मामा, रिकामा आहे तो ड्रोन, त्यात दारूगोळा नाही..."

हे ऐकायला मामा तिथे नव्हतेच. ते धावत सुटले होते. चप्पल मागे पडली, टॅबलेट मागे पडला, आणि तोंडातून निघत होतं ते लेकीचं लहानपणीचं नाव, जे आता घरातसुद्धा कुणी घेत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत ड्रोन त्या आकृतीवर आदळला. मुंडकं उडालं, भुसा पसरला.

पलीकडच्या खंदकातून लेक उभी राहिली. हातात दोऱ्या, गुडघ्यांना माती. ती हसत होती. बाबांचा चेहरा दिसला तसं हसू मावळलं.

"बाबा... सगळे बाहुलेच होते. तुम्हाला फसवता आलं तर त्यांना येईल, म्हणून कॅप्टन म्हणाले..."

मामा तिथेच जमिनीवर बसले. बाहुल्याचा कोट त्यांच्या मुठीत होता.

"मी ओळखलं होतं तुला," ते म्हणाले. "खात्रीने ओळखलं होतं. आणि माझ्याच बोटाने..."

"मला नाही, बाबा. आईच्या शिलाईला. खांदा तिनेच तसा उतरता शिवलाय."

मागून कॅप्टन आला. चष्मा पुसत म्हणाला, "चुकलंच माझं. आधी सांगायला हवं होतं." मामांनी हात हलवला. त्यांना त्याचा राग आला नव्हता. ते दुसऱ्याच कुणाचा विचार करत होते. पलीकडे असंच कुणीतरी पडद्यावर वाकून बसलेलं असणार. त्यालाही खांदा दिसेल, चाल दिसेल, त्यालाही अशीच खात्री वाटेल. आणि बोट टेकवायला कष्ट ते कसले. इतकं स्वस्त आहे ते. ड्रोनची किंमत नाही, साहेब, मामांना म्हणायचं होतं, ते बोट टेकवणं स्वस्त आहे. पण वाक्य नीट जुळेना.

ते उठले. लेकीच्या हातातल्या दोऱ्या स्वतःकडे घेतल्या आणि खंदकापासून तोफेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी जोखलं.

"दोरी वाढवायची."

"लांब दोरीला ताण राहत नाही, बाबा. बाहुले अडखळतात."

"मध्ये अजून एक कप्पी टाकतो."

दोरीचं टोक धरून ते उलट्या दिशेने, तोफेपासून लांब चालायला लागले. मामी एव्हाना बाहेर आल्या होत्या. काय झालं ते कुणी सांगायच्या आत त्यांनी पडद्याच्या जुन्या दोरीचं वेटोळं आणून गाठ मारायला घेतली. लेक मागोमाग निघाली.

"इथे बास?"

"अजून थोडं मागे."

"इथे?"

"अजून थोडं."

"बाबा, अहो, पुढे भिंत आहे."

"तिला भोक पाडता येतं," मामा म्हणाले, आणि मामी पहार आणायला आत गेल्यासुद्धा.